पोथ्यांतील स्वरसंधि व पदच्छेद
(कर्जत व खालापूर तालुक्यांच्या परिसरांतील कांहीं उदाहरणांसह)

जुन्या संस्कृत पोथ्यांची यादी करावयास बसलेल्या गृहस्थांस अक्षर लागतें, अर्थहि तुटक तुटक कळतो, आणि तरीहि ओळ उलगडत नाहीं, असा अनुभव वरचेवर येतो. दोष अक्षराच्या वळणाचा नसतो. पोथी शब्द सुटे करून लिहिलेली नसते. शिवाय एका शब्दाचा शेवटचा स्वर व पुढच्या शब्दाचा पहिला स्वर एकत्र येऊन कागदावर तिसराच स्वर उतरलेला असतो. शाळेंत हाच विषय संधि या नांवाखालीं मुलांस शिकवितात व दोन शब्द जोडून दाखविले म्हणजे पूर्ण गुण मिळतात. संग्राहकाचें काम नेमकें उलटें आहे. त्याच्यापुढें जोडलेलें रूप असतें व त्यांतून मूळचे शब्द काढावयाचे असतात. जोडण्याची वाट बहुधा एकच. तोडण्याच्या वाटा पुष्कळदां दोन, कधीं चार. यांपैकीं भलती वाट धरली म्हणजे पोथीचें नांव, लेखनाचा शक किंवा दानाची अट यांपैकीं कांहींहि बदलूं शकतें. हें कसें होतें तें येथें दाखवावयाचें आहे. उदाहरणें शक्य तेथें कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांच्या परिसरांतील घेतलीं आहेत. जीं आम्हीं स्वतः रचिलीं तीं तशीं सांगितलीं आहेत.

खालापूर तालुक्यांतील एका घरच्या दप्तरांत आमच्या पाहण्यांत आलेल्या दोन पत्रांची हकीकत प्रथम सांगतों. त्यांवर बाहेरून "शिवाष्टक" असें लिहिलेलें होतें व त्यामुळें तीं शंकराच्या स्तोत्रांच्या पुडक्यांत बांधलेलीं होतीं. त्याच घरांत देवीच्या स्तोत्रांचें दुसरें एक बाड होतें. त्यांतील मधलीं दोन पत्रें नाहींत, म्हणून तें खंडित समजून पाताळगंगेंत सोडावयाचें ठरलें होतें. शिव + अष्टक = शिवाष्टक हें खरें; पण शिवा + अष्टक = शिवाष्टक हेंहि तितकेंच खरें, आणि शिवा म्हणजे पार्वती. पत्रें उघडून पाहतां विशेषणें सगळीं स्त्रीलिंगी निघालीं व पत्रांक देवीच्या बाडांतील तुटलेल्या अंकांशीं बरोबर जुळले. बाड पुरें झालें व पाण्यांत जावयाचें राहिलें. एका "आ" च्या पोटांत काय दडलेलें आहे हें न पाहिल्यानें अशीं किती बाडें उल्हास व पाताळगंगा या नद्यांनीं नेलीं असतील, याचा हिशेब आतां कोणी देऊं शकणार नाहीं.

आतां नियमांकडे वळूं. वर्णांचें अत्यंत सान्निध्य म्हणजे संहिता, अशी व्याख्या पाणिनीनें अष्टाध्यायीच्या पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादांत केली आहे, आणि स्वरसंधीचा बहुतेक भाग सहाव्या अध्यायाच्या पहिल्या पादांत सांगितला आहे. यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल कीं, संधि हा लेखनाचा संकेत नसून उच्चाराचा धर्म होय. न थांबतां बोललें म्हणजे स्वर स्वरास भिडतो व त्याचें रूप पालटतें. मध्यें थांबलें म्हणजे पालटत नाहीं. म्हणूनच वैयाकरणांची परंपरा असें सांगते कीं, एका पदाच्या आंत, उपसर्ग व धातु यांच्यामध्यें आणि समासांत संधि नित्य आहे. वाक्यांतील दोन सुट्या पदांमध्यें मात्र तो बोलणाऱ्याच्या इच्छेवर आहे. ही शेवटची सवलत पुढें आपल्या फार कामास येणार आहे. श्लोकांत तिला मर्यादा पडते. श्लोकार्धाच्या आंत पहिल्या व दुसऱ्या चरणांमध्यें संधि करण्याचा प्रघात आहे. दोन अर्धांमध्यें तो करीत नाहींत. अर्ध कोठें संपलें हें निश्चित झालें म्हणजे निदान तेवढ्या जागीं तरी शब्दाचा शेवट हातीं लागतो.

संग्राहकाच्या दृष्टीनें स्वरसंधीचे दोनच वर्ग पाडावे असें आम्हांस वाटतें. पहिल्या वर्गांत पहिला स्वर बदलतो व दुसरा जसाच्या तसा राहतो. इ, उ, ऋ यांचे य्, व्, र् होतात, त्यास यण् म्हणतात; इति + आदि = इत्यादि. ए, ओ, ऐ, औ यांचे अय्, अव्, आय्, आव् होतात, तेहि याच वर्गांतले. येथें हानि थोडी. "नद्यत्र" हें पाहिल्यावर पुढचा शब्द अत्र आहे हें उघड दिसतें. मागचा शब्द नदी कीं संबोधनाचें नदि, एवढीच शंका उरते. दुसऱ्या वर्गांत दोन्ही स्वर जातात व दोहोंच्या जागीं एकच नवा येतो. यास एकादेश म्हणतात. सवर्णदीर्घ, गुण, वृद्धि व पूर्वरूप हे चारहि प्रकार याच वर्गांतले, आणि संग्राहकास पडणारीं बहुतेक संकटें येथलींच. "आ" हा अ + अ, अ + आ, आ + अ, आ + आ या चार जोड्यांपैकीं कोणत्याहि जोडीचा असूं शकतो. "ए" हा अ किंवा आ यापुढें इ किंवा ई आल्यानें होतो, म्हणजे त्यासहि चार उगम; शिवाय शब्दाच्या शेवटीं मुळांतच असलेला ए निराळा, आणि ज्याच्यापुढचा अ लोपला आहे असा ए त्याहून निराळा. ओ, ऐ, औ यांची गोष्ट अशीच. बोलणाऱ्याच्या मनांत दोन स्वर होते. कागदावर एक उरला. जो गेला तो अक्षरांवरून परत मिळत नाहीं, संदर्भावरून मिळवावा लागतो.

महाराष्ट्रांतील वाचकास हें अधिक जड जातें याचें एक कारण त्याच्या स्वतःच्या भाषेंत आहे. मराठींत दोन सुटे शब्द जवळ आले तरी त्यांचे स्वर मिळत नाहींत. "घरीं आला" हें आपण कितीहि घाईनें बोललों तरी लिहितांना "घर्याला" होत नाहीं. गणेश, महर्षि, सूर्योदय असे तयार संस्कृत शब्द आपण वापरतों, पण ते आपणांस एकसंध वाटतात. त्यांत गण + ईश, महा + ऋषि, सूर्य + उदय आहेत हें शाळेंत कोणी सांगेपर्यंत कळत नाहीं. पोथीच्या वेष्टनावरच्या मालकीच्या नोंदी मोडींत असतात, त्यांचाहि येथें आधार होत नाहीं. कारण मोडींत ऱ्हस्व व दीर्घ इ-कार, तसेच उ-कार, एकाच चिन्हानें दाखवितात.

ग्रंथनामांत व देवतांच्या नांवांत ही अडचण वारंवार येते. "गीतार्थ" या अक्षरांनीं सुरू होणारें नांव दिसलें कीं भगवद्गीतेवरील टीका असें लिहून मोकळें होण्याकडे कल असतो. बहुधा तें बरोबरहि असतें. पण गीत + अर्थ हाहि विग्रह निर्दोष आहे, आणि तसें असल्यास ग्रंथ संगीताचा असूं शकेल. "मायाभाव" यांत माया + भाव आहे कीं माया + अभाव, हें वेदान्ताच्या प्रकरणाचा पक्ष कोणता हें पाहिल्याखेरीज ठरणार नाहीं. एक शब्द मायेचें असणें सांगतो, दुसरा नसणें. देवळांच्या नांवांत "-एश्वर" हा शेवट सर्वत्र आढळतो. खोपोलीस नाना फडणविसांनीं तलाव व महादेवाचें देऊळ बांधविलें, त्या देवाचें नांव वीरेश्वर. येथें वीर + ईश्वर याबद्दल कोणास शंका नाहीं. परंतु पूर्वपदीं मनुष्याचें नांव असण्याची चाल असल्यामुळें प्रत्येक ठिकाणीं असें निःशंक राहतां येत नाहीं. महेश्वर येथील अहल्येश्वर हें अहल्या + ईश्वर. आतां कोठें कृष्णेश्वर असें नांव आढळल्यास तें कृष्ण नांवाच्या पुरुषावरून पडलें कीं कृष्णा नांवाच्या स्त्रीवरून, कीं नदीवरून, हें त्या ए-कारास विचारून कळणार नाहीं. अशा नांवावरून देऊळ बांधविणाऱ्याचा वंश जुळवूं पाहणारे लेख आम्हीं वाचले आहेत. त्यांनीं निदान दोन्ही विग्रह मांडावयास हवे होते.

लेखकाच्या नांवाचेंहि तेंच. खालापूर तालुक्यांतील महड येथील वरदविनायकाचें देऊळ १७२५ सालीं रामजी महादेव बिवलकर यांनीं बांधविलें. (हें महड व दक्षिणेकडचें महाड यांत एका कान्याचें अंतर असून दोन्ही एकाच जिल्ह्यांत आहेत, यादींत गांवाचें नांव लिहितांना तो काना जपावा.) अशा नांवाचा उल्लेख संस्कृतांत करावयाचा झाल्यास लेखक "महादेवात्मज राम" असें लिहील, आणि त्याच्या सांगण्यावरून पोथी उतरली असल्यास "रामाज्ञया" असें म्हणेल. हीं रूपें आमचीं आहेत. राम + आज्ञया असें तोडलें तर राम, म्हणजे रामजी. पण मराठींत रामजी व रामाजी हीं दोन वेगळीं नांवें आहेत, आणि रामा असें पूर्वपद मानलें तरी "रामाज्ञया" हेंच रूप होतें. केवळ या एका शब्दावरून "रामाजी" नांवाचा नवा मनुष्य वंशावळींत घुसविणें सोपें आहे. त्यास पुन्हा बाहेर काढणें फार कठीण.

सर्वांत अधिक जपावयाचें ठिकाण म्हणजे शक. पोथीच्या शेवटीं वर्ष पुष्कळदां अंकांत नसून संख्यादर्शक शब्दांत असतें. भू म्हणजे १, अक्षि २, अग्नि ३, वेद ४, इषु ५, रस ६, अद्रि ७, इभ म्हणजे हत्ती ८, अङ्क ९, ख म्हणजे आकाश ०, असे हे संकेत सर्वांच्या परिचयाचे आहेत, आणि अंक एकंस्थानापासून डावीकडे मांडीत जावयाचे हेंहि. परंतु हे शब्द समासांत असतात, समासांत संधि नित्य, आणि त्यांतील पुष्कळसे शब्द स्वरानें सुरू होणारे. म्हणजे संधीचे सगळे खेळ येथें एकत्र येतात.

एक उदाहरण रचून पाहूं. खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांनीं कारतलबखानास कोंडून शरण आणलें तो प्रसंग २ फेब्रुवारी १६६१ चा, म्हणजे शके १५८२ चा. या लढाईचें वर्णन कवींद्र परमानंदाच्या संस्कृत शिवभारतांत आहे. तें काव्य तंजावर येथें मिळालेल्या प्रतीवरून सदाशिव महादेव दिवेकर यांनीं संपादिलें व १९२७ सालीं भारत इतिहास संशोधक मंडळानें प्रसिद्ध केलें. समजा, त्याच वर्षीं उतरलेल्या एखाद्या पोथीच्या शेवटीं हा शक शब्दांत घालावयाचा आहे. एकंस्थानापासून २, ८, ५, १ असे अंक. शब्द घेऊं अक्षि, इभ, इषु, भू. अक्षि + इभ = अक्षीभ, सवर्णदीर्घ. इभ + इषु = इभेषु, गुण. सर्व मिळून "अक्षीभेषुभूमिते". त्यापूर्वीं "शाके" हा शब्द आला म्हणजे पुढचा अ पूर्वरूपानें जातो व अवग्रह न लिहिल्यास ओळ अशी दिसते: शाकेक्षीभेषुभूमिते. आतां नवख्या वाचकानें हें कसें फोडावें? अक्षि या शब्दाचा अ दिसत नाहीं. इभ या शब्दाचा इ मागच्या ई-कारांत गेला. इषु या शब्दाचा इ ए-कारांत गेला. त्यांतून "इभेषु" हें इभ या शब्दाचें सप्तमीचें बहुवचन म्हणून सहज लागतें, "हत्तींमध्यें". तसें घेतलें कीं पांचाचा अंक नाहींसा होऊन २, ८, १ एवढेच उरतात व शक १८२ निघतो. कागदाच्या पोथीस तो शक अशक्य, म्हणून चूक लगेच उघडी पडते. "भूमिते" हें भू + मिते कीं भूमि + ते, ही शंका मात्र निरुपद्रवी; दोहोंतहि पृथ्वीच, म्हणजे एकच.

अंकांची संख्या कमी पडली म्हणजे चूक आपोआप कळते, असें म्हणून स्वस्थ बसतां येत नाहीं. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६ घेऊं. रस, अङ्क, इषु, भू: "रसाङ्केषुभूमिते शाके". हेंहि आम्हींच रचिलेलें. रस + अङ्क असें तोडलें तर ६, ९, ५, १, म्हणजे १५९६. पण रसा हा पृथ्वीवाचक शब्द आहे, आणि पृथ्वी म्हणजे १. रसा + अङ्क असें तोडलें तर १, ९, ५, १, म्हणजे १५९१. दोन्ही शक चार अंकी, दोन्ही संभवनीय, अक्षरें तंतोतंत तींच. पांच वर्षांचा फरक लहान दिसतो. पण शके १५९१ मध्यें राज्याभिषेक झालेला नव्हता, आणि अशा ओळीच्या आधारें एखाद्या ग्रंथकारानें "छत्रपति" हा शब्द राज्याभिषेकापूर्वीं वापरला असें कोणी सिद्ध करूं लागल्यास सगळी इमारत एका ऱ्हस्व-दीर्घावर उभी राहील.

येथें संवत्सराचें नांव उपयोगी पडतें. नर्मदेच्या दक्षिणेकडील रीतीप्रमाणें शकाच्या अंकांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी उरेल तितकावा संवत्सर प्रभवापासून मोजावा, बाकी शून्य आल्यास क्षय. १५९६ + १२ = १६०८; बाकी ४८; अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद, आणि राज्याभिषेकाचा संवत्सर आनंदच होता. १५९१ + १२ = १६०३; बाकी ४३; तो सौम्य. वर घेतलेल्या शके १५८२ ची बाकी ३४, म्हणजे शार्वरी. तेव्हां समाप्तिलेखांत संवत्सर दिलेला असेल तर पदच्छेद अगोदर करूं नये. संवत्सरावरून शक्य शक काढावे व त्यांस जुळेल असा पदच्छेद शोधावा. दोन वाचनांत नेमका साठ वर्षांचा फरक पडत असल्यास संवत्सर मुका होतो. मग तिथि व वार जंत्रींत पाहण्यावांचून गत्यंतर नाहीं. "वेद" व "अङ्ग" एकत्र आल्यास विशेष सावध राहावें: वेदाङ्ग हा एक शब्द मानला तर ६, दोन मानले तर ४ व ६. "वेदाङ्गाद्रीन्दु" यांत पहिल्या रीतीनें १७६ एवढेंच निघतें, दुसऱ्या रीतीनें १७६४, म्हणजे शुभकृत् संवत्सर, इसवी सन १८४२-४३. संख्याशब्दांपैकीं एखादा शब्द दोन अंकी असूं शकतो (इन्द्र १४, अष्टि १६), म्हणून नुसते शब्द मोजून भागत नाहीं.

आतां लोपलेल्या अ-काराकडे येऊं. पदाच्या शेवटच्या ए किंवा ओ यापुढें अ आला कीं तो अ पूर्वस्वरांत मिळून जातो, आणि त्याची खूण म्हणून आपण अवग्रह लिहितों. हा अवग्रह छापील पुस्तकांनीं आपल्या अंगवळणीं पाडला आहे. जुन्या ताम्रपटांत तो क्वचितच आढळतो, पोथ्यांतहि पुष्कळ लेखक तो गाळतात. एरव्हीं एक अ गेला तर काय बिघडलें असें कोणी म्हणेल. पण संस्कृतांत निषेधाचा अर्थ याच एका अ-कारावर आहे. "तेज्ञाः" हीं अक्षरें ते ज्ञाः, ते जाणते, अशीं वाचावीं कीं तेऽज्ञाः, ते अडाणी, अशीं?

दानलेखांत ही गोष्ट हास्याची राहत नाहीं. उत्तर कोंकण नवव्या शतकापासून तेराव्यापर्यंत शिलाहारांच्या अमलाखालीं होतें व त्यांचे ताम्रपट संस्कृतांत आहेत; ते सर्व महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं १९७७ सालीं एकत्र संपादून प्रसिद्ध केले. अशा लेखांच्या धर्तीवर आम्हीं एक वाक्य घेतों: "ग्रामोदेयः". ग्रामः + देयः याचें ग्रामो देयः, म्हणजे गांव द्यावा. ग्रामः + अदेयः याचें ग्रामोऽदेयः, म्हणजे गांव देऊं नये. अवग्रह नसल्यास दोहोंचीं अक्षरें एकच. येथें व्याकरण हात टेकतें व मागचापुढचा मजकूर पाहावा लागतो.

मात्र पुढचें व्यंजन कठोर असल्यास व्याकरणच निकाल देतें, आणि ही किल्ली ताम्रपट वाचणाऱ्यानें कायम जवळ बाळगावी. विसर्गाचा ओ होतो तो पुढें मृदु व्यंजन किंवा अ असतांनाच. ग्रामः + करदः यांत क कठोर आहे. तेथें ओ होत नाहीं, विसर्ग राहतो. म्हणून "ग्रामोकरदः" असें कोरलेलें दिसलें तर मध्यें अ असलाच पाहिजे; तें ग्रामोऽकरदः, म्हणजे गांव कर न देणारा. दानलेखांत नेहमीं येणारी, राजपुरुषांनीं व शिपायांनीं गांवांत शिरूं नये अशा अर्थाची "अचाटभटप्रवेश" ही अट अशीच. "ग्रामोचाटभट..." असें कोरलें असेल तर अ निश्चित आहे, अ नसता तर "ग्रामश्चाटभट..." असें झालें असतें. न दिसणारा अ-कार मागच्या ओ-कारानें साक्ष देऊन उभा केला, असें हें आहे.

संधि झालेला कसा ओळखावा हें येथवर सांगितलें. न झालेल्या संधीसहि अर्थ असतो. ई, ऊ, ए यांनीं संपणारीं द्विवचनाचीं रूपें प्रगृह्य असून त्यांचा पुढील स्वराशीं संधि होत नाहीं. "क्षेत्रेऽत्र" म्हणजे येथें शेतांत, एकवचनाची सप्तमी. "क्षेत्रे अत्र" म्हणजे येथें दोन शेतें. काळजीपूर्वक लिहिलेल्या लेखांत हा फरक एका शेताचा आहे. ऋग्वेदाच्या पदपाठांत शाकल्यानें प्रगृह्य पदापुढें इति घालून तें वेगळें दाखविलें आहे. पदच्छेदाचें इतकें जुनें व इतकें शिस्तीचें काम दुसरें नाहीं. महडच्या क्षेत्रकथेंत येणारा गृत्समद हा त्याच ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाचा द्रष्टा, तेव्हां त्या गांवीं पदपाठाची आठवण करणें अगदींच अप्रस्तुत होणार नाहीं. दुसरी एक जागा आहे. ए यापुढें अ-खेरीज अन्य स्वर आल्यास अय् होऊन त्यांतील य् विकल्पानें जातो. गृहे + आसीत् याचें गृह आसीत् होतें. नवखा वाचक येथें "गृह" या शब्दाचा प्रत्यय लेखकानें खाल्ला असें समजून तो दुरुस्त करावयास जातो. तेथें दुरुस्त करावयाचें कांहीं नसतें.

त्याहून मोठा मोह वाक्यांतला संधि पुरा करण्याचा. पूर्वीं सांगितलेंच कीं वाक्यांत संधि ऐच्छिक आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढली. तिच्या आदिपर्वाच्या १९३३ सालच्या प्रस्तावनेंत डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांनीं या बाबतींत एक महत्त्वाची गोष्ट दाखविली आहे. मूळ पाठांत दोन स्वर न मिळतां शेजारीं राहिलेले असत. पुढच्या लेखकांस तें खटके व ते मध्यें च, तु, हि असें एखादें अक्षर घालून किंवा शब्द बदलून फट बुजवीत. म्हणजे अनेक प्रतींत निरनिराळीं भरताडें दिसत असतील तर मुळांत तेथें फट असण्याचा संभव अधिक. जी ओळ आपणांस अशुद्ध वाटते ती पुष्कळदां जुनी असते.

कर्जत तालुक्यांत याहूनहि जुनी फट दगडांत कोरलेली आहे. राजमाचीच्या पायथ्याशीं, उल्हास नदीच्या खोऱ्यांत, कोंडाणें येथील बौद्ध लेण्यांत चैत्यगृहाजवळ एका भग्न मूर्तीच्या मस्तकापाशीं ब्राह्मी अक्षरांचा एक ओळीचा लेख आहे: कण्हस अंतेवासिना बलकेन कतं. कण्हाचा, म्हणजे कृष्णाचा, शिष्य बलक यानें केलें, एवढाच त्याचा अर्थ. लेख सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा, भाषा प्राकृत. "कण्हस" याच्या शेवटीं अ, "अंतेवासिना" याच्या आरंभीं अ, आणि दोन्ही आपापल्या जागीं आहेत. संस्कृतांत हेंच कृष्णस्यान्तेवासिना असें एकजीव झालें असतें. प्राकृतांत सुट्या पदांचा संधि करण्याची सक्ति नाहीं, आणि येथें ती सवलत घेतलेली दिसते. परिणाम असा कीं, त्या मूर्तीजवळचीं अक्षरें ओळखूं आलीं म्हणजे शब्द तोडण्यास कांहीं श्रम पडत नाहींत. त्याच तालुक्यांतील दोनशें वर्षांच्या संस्कृत पोथीस मात्र ते पडतात. "अंतेवासिना" यास कोणी अंते + वासिना असे दोन शब्द समजूं नये. तो समासच आहे, केवळ पूर्वपदाची सप्तमी त्यांत लोपलेली नाहीं.

यादी करतांना आमची रीत अशी आहे. प्रथम ओळ पोथींत आहे तशी, एकहि अवग्रह किंवा जागा न घालतां, उतरून घ्यावी. तिच्याखालीं स्वतःचा पदच्छेद अधिक चिन्ह घालून लिहावा. दोन विग्रह संभवत असतील तर दोन्ही लिहावे व आपण कोणता धरला आणि कां, तें एका वाक्यांत सांगावें. शकाच्या बाबतींत संवत्सराचें गणित शेजारीं मांडावें. केवळ पदच्छेद छापून मूळ ओळ न देणाऱ्या याद्या फार झाल्या आहेत. त्या यादीकर्त्याच्या मताच्या याद्या आहेत, पोथ्यांच्या नव्हेत. आणि पोथी गहाळ झाल्यावर तपासावयास कांहीं उरत नाहीं.

पोथीवर पेन्सिलीनेंसुद्धां खुणा करूं नयेत. जुन्या पाठकांनीं शब्द तोडण्यासाठीं शिरोरेषेच्या वर बारीक उभ्या रेघा ओढलेल्या असतात, त्या मात्र जपून टिपाव्या: शाई लेखकाचीच आहे कीं निराळी, रेघा सगळ्या पोथीभर आहेत कीं कांहीं पत्रांवरच. त्या रेघा म्हणजे आपल्यापूर्वीं कोणी तरी, कदाचित् गुरूजवळ बसून, केलेला पदच्छेद होय. आतां पोथ्यांचीं चित्रें यंत्रानें घेऊन ठेवण्याची सोय झाली आहे व पावसाळ्यांत कोंकणांतील दमट घरांत कागदाची होणारी दशा पाहतां तें अवश्य करावें. चित्र घेतांना पत्राची वरची कड कापली जाणार नाहीं एवढें पाहावें. पहिल्या ओळीवरच्या रेघा तेथेंच असतात.